तीन अंडी, कदाचित चार

अक्षय तृतीयेच्या आधीच्या रविवारी, ऊन उतरायला लागल्यावर, बदनापूरच्या अलीकडे एका पाझर तलावाच्या काठावर माझा ड्रोन पडला. उंची साधारण तीस मीटर होती. वारा नव्हता. बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. रिमोट माझ्या मित्राच्या हातात होता. ड्रोन बिघडून पडला नाही. मित्राने त्याचे पंखे हवेतच बंद केले. इथपर्यंत वाद नाही. पुढचं सगळं अजून वादात आहे आणि वाद घालणारे आम्ही दोघेच आहोत.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. इतरांनी आणलेल्या बातम्या तपासतो, छोट्या करतो. ड्रोन घेतला तेव्हा घरच्यांना तो कामासाठी घेतला असं वाटलं होतं. तो कामाला कधी लागला नाही. पंजावर मावेल एवढा तो आहे. सुरुवातीला शहरातल्या बागेत उडवून पाहिला. तिथे पाच मिनिटांत माणसं जमायची आणि लग्नाची ऑर्डर घेता का म्हणून विचारायची. मग सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर जायला लागलो. टेकड्या, तळी, मोसंबीच्या बागा. वरून पाहिलेली ओळखीची जागा मला पहिल्यांदा कधीच ओळखू येत नाही. स्क्रीनवर आधी स्वतःला शोधावं लागतं. लिंबाखाली दोन ठिपके दिसतात, त्यातला एक हात हलवतो, तेव्हा कळतं की हे आपण.

दुसरा ठिपका हा मित्र. जालन्यात मस्तगडला त्याचं भांड्यांचं दुकान आहे. त्याचे पणजोबा राजस्थानातून जालन्याला आले. घरात मारवाडी चालते, दुकानात आणि माझ्याशी इथली बोली. तो मला पत्रकार म्हणतो, मी त्याला शेठ म्हणतो. शाळेपासूनची थट्टा आहे, आता तीच नावं झाली आहेत.

त्या वर्षी त्याने वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, पुन्हा उपवास, असं वर्षभर. उपवासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. वर्ष संपतं अक्षय तृतीयेला. त्या सकाळी जैन स्थानकाच्या, म्हणजे साधू उतरतात त्या जागेच्या, मांडवात सगळे तपस्वी ओळीने बसतात आणि घरची माणसं त्यांना उसाचा रस देतात. ते पारणं. त्याच्या घरी पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. मांडवात त्याची जागा ठरली होती.

उपवासाच्या दिवशी संध्याकाळ लांबते, असं तो म्हणायचा. म्हणून त्यातला एखादा दिवस रविवारी आला की पाण्याची बाटली घेऊन माझ्या गाडीवर मागे बसायचा. वर्षभरात त्याने रिमोट कधी मागितला नाही. नुसता बघायचा.

त्या रविवारीही उपवासाचाच दिवस होता. तळं आटत आलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर कोणीतरी खरबुजाचे वेल लावले होते, गाळाच्या वरच्या अंगाला मुरूम आणि दगडगोटे. पलीकडे एक बाई शेळ्या वळत होती. ड्रोन वर गेला, मी त्याला काठावर स्थिर केलं आणि तेवढ्यात डेस्कवरून फोन आला. एका शीर्षकाबद्दल शंका होती. मी रिमोट मित्राकडे दिला. कशाला हात लावू नको, तो आपला आहे तिथंच उभा राहतो, असं सांगितलं. रेंज रस्त्याच्या बाजूला चांगली येते म्हणून तिकडे चालत गेलो. म्हणजे माझी पाठ होती.

मी पाहिलं ते एवढंच. टिटवीचं ओरडणं ऐकलं, ते वाढलं. मित्र काहीतरी म्हणाला, शब्द कळले नाहीत. मग ड्रोनची घरघर थांबली. वळलो तेव्हा एक काळी वस्तू उंचवट्यामागे पडताना दिसली.

पंखे बंद कसे झाले हे विचारावं लागलं नाही. खाली उतरल्यावर मी रिमोटच्या दोन्ही दांड्या खाली आणि आत ओढून पंखे थांबवतो, हे त्याने वर्षभर पाहिलं होतं. माझ्या ड्रोनमध्ये ही युक्ती हवेतही चालते. दुसऱ्या कोणीही, पक्षी अंगावर येताना दिसला असता, तर ड्रोन वर किंवा बाजूला पळवला असता. मित्राला एकच दिसलं की फिरणाऱ्या पात्यांत जीव येतोय. त्याने पाती थांबवली.

“ती आली. पंख्यात आली असती, म्हणून बंद केलं,” तो म्हणाला. मग, “आली असती का आल्ती, ते बराबर सांगता येईना मला.”

उंचवट्यामागे ड्रोन उताणा सापडला. एक पातं मोडलं होतं. बाजूच्या दांडीत करड्या रंगाचं लहान पीस अडकलं होतं. पोटाला फिकट पिवळा, चिकट डाग होता. ड्रोनपासून हातभर अंतरावर मुरमात उथळ खळगा होता, त्यात लेंड्या आणि बारीक खडे, आणि त्यावर तीन अंडी. मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. टोकं आत, रुंद बाजू बाहेर. चौथ्या अंड्याएवढी जागा मोकळी दिसत होती. दोन पावलांवर एक फुटकं खरबूज पडलेलं होतं, शेळ्यांनी अर्धं खाल्लेलं, गर वाळत चाललेला.

डोक्यावर दोन टिटव्या घिरट्या घालत ओरडत होत्या. मित्राने एकच पाहिली होती. तेव्हा एक तर दोघीही धडधाकट होत्या, किंवा तिथे आधीपासून दोनापेक्षा जास्त होत्या.

डाग कशाचा हे हुंगून कळलं असतं. मी खाली वाकलो, तर त्याने माझं मनगट धरलं.

“उचलू नको. मुंग्या हायत.”

डागाला मुंग्या लागल्या होत्या. झटकल्या तर मरतील, फुंकल्या तर पडतील, उचलला तर चिरडतील. त्या आपण होऊन जाईपर्यंत थांबायचं, असं त्याने ठरवलं आणि उकिडवा बसला. आम्ही टिटवीच्या घरट्यापासून थोडं लांब सरकलो, तरी ड्रोन दिसत राहील एवढं जवळ. मी मोबाइलवर फोटो काढला. त्यात डागाच्या जागी उन्हाची तिरीप आली आहे, नुसतं पांढरं दिसतं.

शेळ्यांमागे फिरत ती बाई आमच्यापर्यंत आली. आधी ड्रोनकडे, मग आमच्याकडे पाहून तिने विचारलं, “मी शेळ्या वळते. तुम्ही दोघं बाप्ये मुंग्या वळून राह्यले का?”

मित्र हसला नाही. त्याने तिला अंड्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, चार होती, परवा तिने स्वतः पाहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, पलीकडच्या काठालाही एक घरटं आहे, ती चार तिथली असतील. किती टिटव्या आहेत इथे, तर तीन. कधी चार. मग ती म्हणाली की पक्षी काय एका जागी उभे राहतात का मोजायला, आणि शेळ्या खरबुजाच्या वेलाकडे वळल्या म्हणून ती धावली.

मुंग्यांनी डाग पूर्ण नेला. सूर्य टेकला तेव्हा ड्रोनचं पोट स्वच्छ होतं, पुसल्यासारखं. मित्राने तो दोन बोटांनी उचलून उलटा करून पाहिला आणि मला दिला. पीस त्याने काढून रुमालात बांधलं. पाण्याची बाटली गाडीच्या डिकीत होती, भरलेली. आम्ही रस्त्याला लागलो तोवर सूर्य मावळला होता. त्याने पाणी प्यायलं नाही.

गाडीवर मागे बसून तो एकच बोलला. पंचेंद्रिय जीव माझ्या हातून गेला असेल तर मी मांडवात बसून रस कसा घेऊ.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना आम्ही ड्रोनने टिपलेला व्हिडिओ पाहिला. पक्षी उजवीकडून येतो. चित्राच्या कोपऱ्यात पंख दिसतो, एका चौकटीत, तोही अर्धा. पुढच्या चौकटीत आकाश आहे, मग तळं, मग आकाश, मग जमीन फिरते. पंख आणि घरघर थांबणं यात काही अंतर आहे का, हे शोधायचा मी प्रयत्न केला. या चित्रीकरणात आवाजच नसतो, हे मला माहीत असूनही. शेवटच्या दोन-तीन चौकटींत मुरूम आहे. त्यात गोल, ठिपक्यांच्या वस्तू दिसतात. एकीत तीन. तिच्या आधीच्या चौकटीत चार, पण चौथी दगड असू शकते, कारण तिथे सगळेच दगड तसे आहेत. मित्र म्हणाला चार. मी म्हणालो तीन. चित्र मोठं केल्यावर तो म्हणाला तीन, आणि मला चार वाटायला लागली.

रुमालातलं पीसही आम्ही पाहिलं. ते ओढून निघालेलं की आधीच गळून मुरमात पडलेलं, हे पिसावरून कळत नाही.

डेस्कवर अशी बातमी आली तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं. ‘ड्रोन पडला’ एवढं ठेवून बाकी कापलं असतं. मित्राला ते चालणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. मला जरा घरी या म्हणाली. मित्र स्थानकात गेलेला होता, तिने ती वेळ मुद्दाम निवडली होती. घरात पितळेच्या मोठ्या पातेल्यात पाणी गार होत ठेवलेलं होतं. तिने चहा दिला आणि सरळ विषयावर आली. तिचं म्हणणं, नवरा कालपासून कोणाशी धड बोललेला नाही. पाहुणे निघालेत. तो म्हणतो की कदाचित पारण्याला बसणारच नाही.

“वर्षभर रोज पहाटे उठून मी पाणी उकळलंय, भाईसाहेब. हे तप त्यांच्या एकट्याचं न्हाई. तुम्ही फक्त सांगा की काही झालं न्हाई. तुमचं ऐकतात ते.”

मी सांगितलं की काही झालं नाही हे मला माहीत नाही. काही झालं हेही माहीत नाही.

“कमाल आहे,” ती म्हणाली. “रोज छापता तेव्हा एवढं बघता का?”

मी चहा संपवला. जाताना तिने विचारलं की मला स्वतःला काय वाटतं. मी विचार केला. गाडीजवळ येईपर्यंत मला वाटत होतं की अंडं फुटलं. घरी पोहोचेपर्यंत वाटत होतं की तो खरबुजाचा गर होता.

साधूंपुढे आपल्या हातून झालेलं सांगणं, याला ते आलोयणा म्हणतात. ऐकून साधू प्रायश्चित्त सांगतात. नियम असा की झालं तेवढंच सांगायचं. लपवायचं नाही आणि वाढवायचंही नाही. मित्र अडला होता तो इथेच. दुसऱ्या दिवशी तो मला सोबत घेऊन स्थानकात गेला. साक्षीदार म्हणून, असं तो म्हणाला. मी पाठ करून उभा होतो, याची मी त्याला आठवण करून दिली.

मोबाइल बाहेर ठेवला. साधू विजेचं काही वापरत नाहीत, पडद्यावरचं पाहत नाहीत, त्यामुळे व्हिडिओ दाखवायचा प्रश्न नव्हता. खिडकीपाशी पाटावर एक वयस्क महाराज बसले होते, तोंडावर मुखपत्तीची पांढरी कापडी पट्टी. मित्राने वंदन केलं, सांगायला सुरुवात केली आणि ड्रोन म्हणजे काय इथेच त्याची पहिली पाच मिनिटं गेली. महाराजांनी मध्येच विचारलं, यंत्र कोणी उडवलं. मी, असं मी म्हणालो. थांबवलं कोणी. मी, असं तो म्हणाला.

मग त्यांनी एकेक विचारलं. मेलेला पक्षी पाहिला का? नाही. फुटलेलं अंडं? नाही. कवच? नाही. मग काय पाहिलं?

“डाग पाहिला,” मित्र म्हणाला. “तो मुंग्यांनी नेला.”

“आणि तू का थांबवलंस?”

“ती वाचावी म्हणून.”

“आणि आता तुला काय वाटतं?”

“बाजूला घेतलं असतं तर वाचली असती. थांबवल्यामुळेच खाली पडलं ते. म्हणजे वाचवायला गेलो म्हणून, असं.” त्याने पुन्हा हात जोडले. “का असं न्हाई, तेच कळेना, महाराजसाहेब.”

महाराज माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं की तुमच्या कामात नक्की कळलं नाही तर काय करता. थांबतो, मी म्हणालो, पण छापायची वेळ आली की न थांबताही छापतो. त्यांनी मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकल्याची खूण, हे मला सांगता येणार नाही. मित्राला त्यांनी जप सांगितला, किती माळा तेही सांगितलं. पारण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जिना उतरताना मित्राने मला विचारलं की हे प्रायश्चित्त फुटलेल्या अंड्याचं होतं की न फुटलेल्याचं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. त्या दिवशीही त्याचा उपवास होता. ड्रोन नेला नाही. खळगा सापडायला वेळ लागला, कारण वरून पाहिलेली जागा खालून वेगळीच दिसते आणि तिथे तसे खळगे बरेच आहेत. लेंड्या आणि खडे पाहून एक जागा नक्की केली. ती रिकामी होती. कवचही नव्हतं. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच घरटं सोडून चालायला लागतात, असं मी मधल्या काळात वाचलं होतं. मुंगूस आणि कावळे अंडी खातात, हेही वाचलं होतं. रिकाम्या खळग्यावरून यातलं काय झालं ते कळत नाही. तोच खळगा होता का, याचीही मला खात्री वाटेना. मित्राला होती, पण फुटलेलं खरबूज आता तिथे नव्हतं.

शेळ्या वळणारी बाई होती. तिने आम्हाला लांबून ओळखलं. पिल्लं निघाली म्हणाली, काल पाण्याच्या कडेला पळताना पाहिली. किती, ते मित्राने विचारलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“किती पाहिजेत, भाऊ?”

मग तिने सांगितलं की तिला दोन दिसली, तिसरं गवतात असेल, चौथं असलं तर आईच्या पोटाखाली असेल. शिवाय पलीकडच्या घरट्याची पिल्लं इकडे येतात. आम्ही पाण्याच्या कडेने फिरलो. टिटव्या आमच्यावर ओरडत राहिल्या. पिल्लू एकही दिसलं नाही. ती धोका दिसला की जमिनीला चिकटून बसतात आणि मग दगडासारखीच दिसतात.

सूर्य अजून वर होता. मित्राने बाटली काढून पाणी प्यायलं आणि परत निघालो. वाटेत त्याने सांगितलं की तो मांडवात बसणार आहे, पण रस घेणार नाही. उद्या आणखी एक उपवास करणार. कशासाठी, मी विचारलं. त्याने सांगितलं की तीन होती का चार, ते माहीत नाही त्यासाठी.

त्याच्या बायकोला हे त्याने घरी गेल्यावर सांगितलं. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही.

अक्षय तृतीयेच्या सकाळी मांडव भरला होता. तपस्वी ओळीने बसले होते, त्यांत बायका जास्त होत्या. मी मागच्या बाजूला उभा होतो. महाराज आले, मित्राने उभं राहून त्या दिवसाच्या उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे नेम, मागितलं. शेजारच्या रांगेतल्या काही माणसांनी मान वळवली. महाराजांनी नेम दिला. मग पारणं सुरू झालं. इतरांच्या घरची माणसं लहान लहान कलशांनी रस देत होती. मित्राच्या पुढ्यातले कलश भरलेले होते. त्याची बायको त्याच्या समोर बसली होती, पाहुणे तिच्या मागे. एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं की तब्येत बरी नाही का त्यांची. तब्येत बरी आहे, एवढं मी सांगू शकलो.

मांडवातला तो रस तिने मागच्या रांगेतल्या मुलांना वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. बरेचसे पाहुणे निघून गेले होते. बायको उसाचा रस घेऊन आली, गाड्यावरून आणलेला, स्टीलच्या पेल्यात. कलश धुऊन उपडे घातलेले होते. तिने पेला त्याच्या हातात दिला. त्याने अर्धा रस प्यायला आणि माझ्याकडे पाहिलं.

“काही कळलं का, पत्रकार?”

“नाही.”

त्याने उरलेला रस प्यायला.